विश्लेषण : महापुरात गावाचे बेट का होते? वेढ्यातल्या आठ दिवसांत गाव जगते कसे?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचा दिवस एका आकड्याने सुरू होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पाणीपातळी किती? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी शाळकरी मुलांनाही पाठ असते. २००५ च्या महापुरात नदी ५० फुटांच्या आसपास गेली होती. २०१९ आणि २०२१ मध्ये तिने ५५ फुटांचा टप्पाही मागे टाकला. २०२४ च्या जुलैत ती पुन्हा ४७ फुटांच्या पुढे गेली.

मात्र करवीर आणि शिरोळ तालुक्यांतील अनेक गावांसाठी या आकड्यापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा असतो. आपल्या गावाचा रस्ता कधी तुटणार? रस्ता तुटला की घरात पाणी आलेले असो वा नसो, गावाचे बेट झालेले असते. कोकणात बेट म्हटले की समुद्र आठवतो. कोल्हापूर जिल्ह्यात दर काही वर्षांनी नदीच बेटे तयार करते, आणि त्या बेटांवर हजारो माणसे व जनावरे काही दिवस अडकून राहतात.

पाणी घरात येण्याआधी रस्ता का जातो?

नदीकाठच्या गावांची जुनी गावठाणे बहुतेक ठिकाणी उंचवट्यावर आहेत. यामागे पूर्वजांचा अनुभव आहे, तसे नदीचे शास्त्रही आहे. पूर काठाबाहेर पडला की पाण्याचा वेग एकदम कमी होतो. त्यामुळे जड गाळ काठालगतच बसतो आणि बारीक गाळ लांबपर्यंत पसरतो. शेकडो वर्षे हे घडत राहिल्याने नदीचा काठ उंच होतो आणि त्यामागची शेतजमीन तुलनेने सखल राहते.

गाव अशा उंच काठावर आणि मुख्य रस्ता लांबच्या माळावर असेल, तर दोघांना जोडणारा रस्ता या सखल पट्ट्यातूनच जातो. पूर वाढू लागला की नदीचे पाणी ओढ्यांतून उलटे आत शिरते. आधी ओढ्यावरची मोरी बुडते, मग रस्ता, मग ऊस. गावठाण मात्र अजून कोरडेच असते. लोक दारात उभे राहून पाणी बघत असतात. त्यांना वाटते, अजून वेळ आहे. प्रत्यक्षात बाहेर पडायची वेळ टळून गेलेली असते.

पाणी लवकर ओसरत का नाही?

प्रयाग चिखलीजवळ कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र येते. लुप्त मानल्या गेलेल्या सरस्वतीसह या पाच नद्यांवरून पंचगंगा हे नाव पडले. या नद्या सह्याद्रीतून येतात. गगनबावडा आणि राधानगरी या तालुक्यांत धो धो पाऊस पडतो आणि ते पाणी उतारावरून वेगाने खाली येते. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरले की ते आपोआप उघडतात आणि प्रत्येक दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी बाहेर पडते. ‘राधानगरीचा दरवाजा उघडला’ ही बातमी नदीकाठ कान देऊन ऐकतो तो यामुळेच.

प्रयागपासून पुढे सुमारे ८० किलोमीटर वाहून पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. या प्रवासात उतार कमी होत जातो आणि नदी वळणे घेत पुढे सरकते. संगमावर कृष्णा आधीच कोयना आणि वारणेच्या पाण्याने फुगलेली असेल, तर पंचगंगेला पुढे जायला वाट मिळत नाही. तिचे पाणी मागे तुंबते. कोल्हापुरात पाऊस थांबून ऊन पडले तरी शिरोळ तालुक्यातील वेढा सुटत नाही, याचे हे मुख्य कारण. करवीरमधले बेट दोन-तीन दिवसांत मोकळे झाले, तरी शिरोळमधले बेट आठवडाभर टिकू शकते.

या पुराला अलमट्टी धरणाचा फुगवटा किती जबाबदार, हा वाद वेगळा आणि जुना आहे. धरणाची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये दिली आणि महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे. तो निर्णय दोन राज्ये, लवाद आणि न्यायालय यांच्या पातळीवर व्हायचा आहे. पुढच्या पावसाळ्यातले आठ दिवस मात्र गावालाच काढायचे आहेत.

कोणत्या गावांचे बेट होते?

करवीर तालुक्यात प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही नावे दर महापुरात पहिल्या बातमीत असतात. शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चारही नद्यांचे पाणी येते. संगमाजवळचे कुरुंदवाड, नृसिंहवाडी, कृष्णेच्या वळणावरचे खिद्रापूर, राजापूर, तसेच कृष्णेपलीकडचा औरवाड, गौरवाड, कवठेगुलंद, आलास, बुबनाळ हा पट्टा दर मोठ्या पुरात पाण्याच्या वेढ्यात येतो.

२०१९ मध्ये तर कोल्हापूर शहराचेही बेट झाले. रत्नागिरी आणि गगनबावडा मार्ग बंद पडले. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आले आणि वाहनांच्या रांगा लागल्या. शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रे बुडाली. पेट्रोल जपून द्यावे लागले. २०२१ मध्येही महामार्ग पुन्हा बंद झाला. गावे दरवेळी जे सोसतात, त्याची चव शहराने त्या आठवड्यात घेतली.

बेट झाल्यावर काय काय बंद पडते?

संपर्क तुटलेल्या गावात सेवा एकदम बंद पडत नाहीत. त्यांचा एक क्रम असतो.

• एसटी आणि दूध संकलन : बंधारा किंवा मोरी पाण्याखाली गेली की पहिल्यांदा एसटी थांबते. त्यापाठोपाठ दुधाची गाडी. जनावरे दूध देतच असतात, पण ते उचलायला कोणी येत नाही. रोजचे उत्पन्न त्याच दिवशी थांबते.

• वीज : उपकेंद्र किंवा रोहित्र पाण्यात गेले, किंवा जाण्याची शक्यता दिसली, की सुरक्षेसाठी पुरवठा तोडला जातो. तो तोडावाच लागतो. पाण्यातून विजेचा धक्का बसणे पुराइतकेच जीवघेणे असते.

• नळ : नळयोजनेची जॅकवेल नदीकाठी असते. मोटर बुडाली किंवा वीज गेली की टाकीत उरलेले पाणी तेवढेच.

• मोबाइल : टॉवर काही तास बॅटरीवर आणि नंतर डिझेल जनरेटरवर चालतो. डिझेल पोहोचले नाही की टॉवरही बंद. घरातला फोन त्याआधीच उतरलेला असतो.

• औषधे : रक्तदाब, मधुमेह, फिट्स यांच्या गोळ्या साधारण महिन्याच्या हिशेबाने आणलेल्या असतात. महिनाअखेरीस वेढा पडला तर त्या चौथ्या दिवशी संपतात.

बाहेरची मदत येते ती या टप्प्यावर. २०१९ मध्ये एनडीआरएफ, लष्कर आणि नौदलाच्या तुकड्या जिल्ह्यात आल्या. व्हाईट आर्मीसारख्या स्थानिक संस्था, तालमींची पोरे आणि नदीत पोहून मोठे झालेले तरुण त्याआधीच पाण्यात उतरलेले होते. जिल्ह्यातून दोन लाखांहून अधिक लोकांना हलवावे लागले. एवढ्या मोठ्या आपत्तीत प्रत्येक गावाला पहिल्या दिवशी बोट मिळणे शक्य नसते. पहिले ४८ तास गावाचे गावालाच निभवावे लागतात.

चारही बाजूंनी पाणी, मग प्यायला का नाही?

पुराच्या पाण्यात गटारे, शौचालये, उकिरडे, शेतातली कीटकनाशके आणि मेलेली जनावरे असे सगळे मिसळलेले असते. विहिरी आणि कूपनलिकांमध्येही हेच पाणी उतरते.

आता साधा हिशेब पाहू. आपत्तीच्या काळात माणसाला पिणे, स्वयंपाक आणि किमान स्वच्छता यांसाठी रोज सुमारे १५ लिटर पाणी लागते, असे मदतकार्यात धरले जाते. दोन हजार वस्तीच्या गावाला दिवसाला ३० हजार लिटर लागतील. म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. रस्ताच नसल्याने एकही टँकर येणार नाही, आणि बोटीतून इतके पाणी आणणे अशक्य.

यावर उपाय आधीच करावा लागतो. इशारा पातळी जवळ आली की उंच टाकी काठोकाठ भरून तिचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि ते पाणी फक्त पिण्यासाठी मोजून सोडायचे. घरोघरी झाकणाची पिंपे भरून ठेवायची. क्लोरीनच्या गोळ्या किंवा द्रावण आशा सेविकांकडे आधीच पोहोचवायचे. यातला खर्च फारच कमी आहे. चुकते ती वेळ. वीज गेल्यावर टाकी भरता येत नाही.

सांगूनही लोक वेळेत बाहेर का पडत नाहीत?

प्रशासन दवंडी देते, पोलीस गाडी फिरते, तरी लोक हलत नाहीत, अशी तक्रार दर महापुरात होते. त्याचे उत्तर बहुतेक घरांच्या गोठ्यात बांधलेले असते.

कोल्हापूर जिल्ह्यात म्हैस म्हणजे घराचा पगार. उसाचे बिल वर्षातून एकदा येते, दुधाचे बिल दर दहा दिवसांनी. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने, म्हणजे गोकुळने, हे चक्र गावोगाव पोहोचवले. मुलांची फी, किराणा, दवाखाना यांचा भार दुधावर असतो. एका चांगल्या म्हशीची किंमत लाखाच्या घरात जाते. ती बोटीत बसत नाही. दावणीला बांधून ठेवली तर बुडते आणि सोडली तर वाहून जाते. मग घरातली बायकामुले, म्हातारी माणसे बाहेर पाठवली जातात आणि कर्ता पुरुष जनावरांजवळ थांबतो. शेवटी त्यालाच वाचवायला बोट पाठवावी लागते.

चाऱ्याचाही हिशेब आहे. म्हशीला दिवसाला २० ते २५ किलो ओला चारा आणि पाचेक किलो वैरण लागते. चार म्हशींना आठ दिवसांसाठी जवळपास एक टन चारा हवा. आठ-दहा माणसांच्या रबरी बोटीने तो न्यायचा तर एका घरासाठीच किमान दोन फेऱ्या होतील. त्यामुळे वेढ्यात अडकलेल्या जनावरांना बाहेरून चारा पुरवणे जवळजवळ अशक्य आहे. जनावरे हलवायची तर रस्ता कोरडा असतानाच हलवावी लागतात.

रस्ता तुटल्यावर निघाले तर?

८ ऑगस्ट २०१९ रोजी शेजारच्या सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. ती गावातलीच बोट होती आणि तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त लोक बसले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये शिरोळ तालुक्यात अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यातून जाणारा ट्रॅक्टर उलटला. त्यातही माणसे गेली.

दोन्ही घटनांत लोक पाण्यातून वाट काढत होते. मांडीएवढे वाहते पाणी मोठ्या माणसाचा तोल घालवू शकते. रस्त्याची कड दिसत नाही आणि खालचा भराव वाहून गेला आहे का, हे वरून कळत नाही. ट्रॅक्टर जड असला तरी चाक कडेवरून घसरले की तो उलटतोच.

मग गावे कायमची का हलवत नाहीत?

हा प्रयोग झाला आहे. १९८९ च्या महापुरानंतर चिखली आणि आंबेवाडीसाठी उंचावरच्या सोनतळी येथे जागा देण्यात आली. आज महापुरात लोक तिथे आसऱ्याला जातात, पण जुने गाव सुटलेले नाही. शेती नदीकाठी आहे. गोठा शेताजवळ लागतो. पहाटे धार काढून दूध संस्थेत घालायचे, मग वैरण आणायची, असा दिनक्रम असलेल्या घराला गोठा एकीकडे आणि घर दुसरीकडे परवडत नाही. तीन दशकांत एका घराची तीन घरे झाली, प्लॉट मात्र तेवढाच राहिला.

पुनर्वसन म्हणजे माणसांना घरापुरता भूखंड, असे सरकारी कागदावर मानले जाते. गाव मात्र माणसे, जनावरे, शेत आणि दूध संस्था मिळून होते. यातला एक भाग हलवला की उरलेले तीन त्याला मागे ओढतात.

इतर बेटांवर लोक काय करतात?

मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या आहेत. लेणी जगप्रसिद्ध, पण तिथे कायमची वीज पोहोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या केबलमधून. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर एवढाच आधार होता. घारापुरी बारा महिने बेट आहे. त्यामुळे साठा करणे, होडीची वेळ सांभाळणे आणि आजाऱ्याला दिवसाउजेडी हलवणे तिथे अंगवळणी पडलेले आहे. चिखली किंवा औरवाडचे बेट चार-पाच वर्षांतून एकदा होते. मधल्या काळात सगळे विसरले जाते.

आसाममध्ये ब्रह्मपुत्रेतील माजुली बेटावर मिसिंग समाजाची घरे बांबूच्या खांबांवर उंच उभी असतात. नेदरलँड्समध्ये ओव्हरडीपसे पोल्डर या पट्ट्यात नदीला पुरात पसरायला जागा द्यायचे ठरले, तेव्हा तिथल्या दूध उत्पादक शेतकऱ्यांनीच तोडगा सुचवला. मातीचे उंच चौथरे घालून घर आणि गोठा दोन्ही त्यावर बांधायचे, शेत पाण्याला मोकळे सोडायचे. तिथला पैसा आणि जमीन वेगळी आहे, हे खरे. पण गोठ्याची व्यवस्था आधी केल्यामुळे माणसांचा प्रश्न सुटला, ही गोष्ट कोल्हापूरलाही लागू पडते.

पाण्यासोबत जगण्याची रीत या काठाला नवीन नाही. नृसिंहवाडीत पूर चढला की दत्त मंदिरात उत्तरेकडून शिरलेले पाणी पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडते. तो दक्षिणद्वार सोहळा. भाविक त्यात स्नान करतात, उत्सवमूर्ती ठरलेल्या ठिकाणी वर हलवली जाते, दुकानदार सामान आवरतात. पाणी कुठल्या पायरीला आले की काय करायचे, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे.

गावाच्या हातात काय आहे?

मोठी कामे सरकारची आहेत. रस्त्यांची उंची वाढवताना त्याखाली पुरेशा मोऱ्या ठेवणे, ओढ्यांवरची अतिक्रमणे काढणे, धरणांच्या विसर्गाचा मेळ घालणे. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने पूरव्यवस्थापनाचा कार्यक्रमही हाती घेतला आहे. त्याची वाट न पाहता ग्रामपंचायतीला करता येतील अशा काही गोष्टी आहेत.

१. स्वतःची धोका पातळी ठरवणे. ४३ फूट ही राजाराम बंधाऱ्यावरची पातळी आहे. शिरोळमधल्या गावाचा रस्ता कृष्णेच्या पाण्यावरही ठरतो, त्यामुळे तो आकडा तिथे जसाच्या तसा लागू होत नाही. गावाच्या रस्त्यावरील सर्वांत सखल जागी फूट-इंचांच्या खुणा असलेला खांब रोवला, तर प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी वेळ मोजता येते.

२. जनावरांवरून उलटा हिशेब करणे. समजा गावात ५०० जनावरे आहेत आणि एका ट्रॉलीत चार मावतात. म्हणजे १२५ फेऱ्या. वीस ट्रॅक्टर मिळाले तर प्रत्येकी सहा-सात फेऱ्या आणि एका फेरीला तास धरला तर सुमारे सात तास. पाणी तासाला तीन इंच चढत असेल, तर सात तासांत ते पावणेदोन फूट वर येईल. म्हणजे रस्ता बुडायला दोन फूट बाकी असतानाच पहिली ट्रॉली निघायला हवी, आणि तीही दिवसाउजेडी. प्रत्येक गावाचे आकडे वेगळे असतील, पण गणित हेच.

३. जनावरांचा मुक्काम आधी ठरवणे. माणसांसाठी शाळा आणि मंगल कार्यालये ठरलेली असतात. जनावरांसाठी माळावरची जागा, चारा, पाणी आणि दूध संकलनाची तात्पुरती सोय जूनमध्येच ठरली, तर दूध बंद पडत नाही. उत्पन्न चालू राहणार असेल, तर कर्ता माणूस गावात अडून बसत नाही.

४. विजेची छोटी सोय करणे. पावसाळी ढगात सौरऊर्जा फार कमी मिळते. तिच्यावर नळयोजनेची मोटर चालणार नाही. पण उंच इमारतीवरच्या छोट्या संचातून फोन चार्जिंग, दोन दिवे आणि वायरलेस एवढे चालू शकते. वेढ्यात तेवढेही खूप असते.

५. यादी तयार ठेवणे. गरोदर महिला, डायलिसिसचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे वृद्ध यांना इशारा पातळीपूर्वीच हलवायचे. आशा सेविकेला ही नावे तोंडपाठ असतात. ती कागदावर उतरवून ग्रामपंचायतीत लावायची.

पुराच्या वर्षात हे सगळे सर्वांना पटते. अवघड असते ते त्यानंतरच्या कोरड्या वर्षांत. खांबावरचा रंग उडतो, यादीतली माणसे बदलतात, माळावरची जागा दुसऱ्याच कामाला जाते. म्हणून शिरोळ आणि करवीरमधल्या नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने मे महिन्याच्या ग्रामसभेत एकच प्रश्न विचारला तरी पुरे : रस्ता बुडायला दोन फूट उरले, हे यंदा कोण सांगणार आणि पहिली ट्रॉली कोणाची निघणार?